तीन ठिकाणचे शेल आणि एक छोटा ड्रमसेट

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातल्या फ्लॅटमध्ये रियाझ करता येईल आणि कार्यक्रमाला रिक्षातून नेता येईल असा, साठच्या दशकातल्या ढंगाचा छोटा ड्रमसेट तुम्हाला जमवायचा आहे. हाताशी लाल स्पार्कलचा (चमकीचा) प्रिमियर कंपनीचा १२ × ८ इंची टॉम आहे, अनोळखी बिल्ल्याचा जपानी १४ × १४ फ्लोअर टॉम आहे, १६ × १६ चा आणखी एक जपानी फ्लोअर टॉम आहे (याचे पाय हरवलेत आणि एका बाजूची रिम, म्हणजे स्किन कसून धरणारं लोखंडी कडं, नाही), आणि १४ × ५ चा स्टीलचा स्नेअर (खालच्या स्किनवर तार लावलेला ड्रम). बेस ड्रम नाही. यातून एक सेट उभा राहील का, आणि सगळ्यांना एकाच रंगाचं नवं रॅप (ड्रमवरचं रंगीत आवरण) चढवून घेऊ का, असं तुम्ही विचारलंय.

सेट उभा राहील, चांगला राहील. १६ चा फ्लोअर टॉम आडवा करून त्याचाच बेस करायचा. रॅपला मात्र आत्ता हात लावू नका. त्याचं कारण पुढे येईलच. वेगवेगळ्या घरचे ड्रम एका घरचे वाटायला तीन गोष्टी लागतात: शेलच्या (ड्रमच्या गोल लाकडी खोडाच्या) कडा धड असणं, सगळ्यांवर एकाच जातीची स्किन असणं, आणि सुरांमधली अंतरं ठरवून लावलेली असणं. ही कामं झाली की बिल्ल्यावर कुणाचं नाव आहे याने काही अडत नाही. लोक नेमकं उलटं करतात. आधी रंग जुळवतात, रिमांना क्रोम करून घेतात, आणि मग जुन्या फाटक्या स्किनवर चावी फिरवत बसतात.

तुमच्या हातात जे आलंय ते योगायोगाने आलेलं नाही. ९ फेब्रुवारी १९६४ ला बीटल्सचा ड्रमर रिंगो स्टार अमेरिकन टीव्हीवर दिसला तो लुडविग कंपनीच्या छोट्या सेटवर, २० इंची बेस ड्रम घेऊन. त्यानंतर जगभरच्या पोरांना तसाच सेट हवा झाला. शिकागोचा लुडविग सगळ्यांच्या खिशाला परवडणारा नव्हता, म्हणून जपानी कारखान्यांनी त्याच मापांचे स्वस्त सेट बनवले आणि परदेशी व्यापारी सांगेल त्या नावाचा बिल्ला ठोकून पाठवले. एकाच कारखान्याचा माल त्यामुळे डझनभर नावांनी सापडतो. तुमच्या १४ आणि १६ वर वेगवेगळी नावं असली तरी लग (शेलवरची धातूची घरं, ज्यांत रिमचे बोल्ट फिरतात), पायांचे ब्रॅकेट आणि आतलं लाकूड शेजारी ठेवून बघा; दोघे सख्खे भाऊ निघण्याची बरीच शक्यता आहे. हे शेल बहुधा लुआनचे, म्हणजे मऊ, हलक्या लाकडाचे असतात. मेपलची खणखण त्यांच्यात नसते, पण खर्जाची ऊब असते, आणि छोट्या खोलीत तीच हवी असते. जॅझवाल्यांचं माप याहून लहान: ब्रुकलिनच्या ग्रेच कंपनीचा १८-१२-१४ चा (बेस, टॉम, फ्लोअर टॉम) सेट. जॅझ ड्रमर टोनी विल्यम्स १८ इंची बेस वाजवायचा तो लाथेसारखा नाही, सुरात बोलणाऱ्या वाद्यासारखा. तुम्ही १६ चा बेस करणार आहात, म्हणजे त्याच वाटेवर आणखी एक पाऊल पुढे.

पहिलं काम मापाचं. सगळं उघडा, लग तेवढे जागेवर राहू द्या. दुकानात जाऊन १२, १४ आणि १६ ची एकेक नवी स्किन शेलवर नुसती ठेवून बघा. स्किनचं धातूचं कडं शेलला न घासता खाली उतरलं पाहिजे, आणि बोटाने फिरवल्यावर सहज गोल फिरलं पाहिजे. सगळीकडून साधारण दीड मिलिमीटर मोकळं हवं. कुठे अडत असेल तर तिथला शेल फुगलाय किंवा रॅपचा जोड उचकटलाय. आता प्रिमियरबद्दल सावध करतो. इंग्लंडमधल्या लेस्टरची ही कंपनी जुन्या काळी स्वतःच्या मापाने ड्रम बनवायची, आणि साठच्या दशकातल्या बऱ्याच प्रिमियर शेलांचा घेर आजच्या मापापेक्षा किंचित मोठा आहे. त्यावर आजची स्किन उतरतच नाही. तुमचा टॉम तसा निघाला तर जुन्या मापाची स्किन खास मागवावी लागेल. ती मिळते, महाग पडते, वाट बघावी लागते. काही जण वरचं इंचभर रॅप तासून स्किन बसवतात. मी ते करत नाही आणि तुम्हीही करू नका. पन्नास-साठ वर्षं टिकलेला शेल एका स्किनचे पैसे वाचवायला कायमचा कापायचा, हे मला पटत नाही. तसा टॉम निघाला तर तो जुन्या प्रिमियरच्या शोधात असलेल्याला देऊन बदल्यात दुसरा १२ घेणं जास्त शहाणपणाचं.

गोलाई तपासायला टेपने चार-पाच ठिकाणी आरपार माप घ्या. दोन-तीन मिलिमीटरचा फरक चालतो. स्किन आणि रिम कसली की शेल बराचसा गोलाईत येतो. त्याहून जास्त असेल आणि आत मजबुतीची पट्टी नसेल, तर तो शेल मापात बसत असूनही सुरात येणार नाही.

दुसरं काम कडांचं, आणि सेटचा आवाज खरा इथे ठरतो. स्किन शेलला जिथे टेकते ती लाकडाची कड सर्वत्र एका पातळीत हवी. तपासायला ग्रॅनाइटची सपाट लादी लागते. स्वयंपाकाचा ओटा ग्रॅनाइटचा असेल तर तो पुसून घ्या, शेल त्यावर उपडा ठेवा, आत मोबाइलचा टॉर्च लावा, खोलीत अंधार करा आणि डोळा लादीच्या रेषेत आणून शेलभोवती फिरा. जिथून उजेडाची रेघ बाहेर येते तिथे स्किन टेकत नाही. जपानी शेलांमध्ये प्लायच्या जोडाशी हमखास रेघ दिसते. तिथे पेन्सिलने खूण करा. मग लादीवर १२० नंबरचा पॉलिश पेपर सपाट चिकटवा आणि शेल दोन्ही हातांनी धरून, दाब न देता, आठ-दहा वेढे फिरवा. दर वेळी पकड थोडी बदला, नाहीतर एक बाजू जास्त घासली जाते. पुन्हा टॉर्च. उजेड संपला की २२० नंबरने शेवटचा हात द्या. सपाट झालेल्या कडेचा वरचा कोपरा मग हाताने, पेपरची पट्टी आडवी धरून, हलकाच गोल करा आणि शेवटी कडेवरून मेण फिरवा.

लेथवर किंवा राउटरने ४५ अंशांची धारदार कड काढून देणारे कारागीर भेटतील. नव्या ड्रमला ती शोभते. जुन्या शेलची कड मुळातच बोथट, गोलसर असते. स्किन लाकडाला जास्त रुंदीवर टेकते, गुंज लवकर मिटते आणि सूर गोल येतो. जुना आवाज म्हणतात तो बराचसा हाच. ती धार करून टाकलीत तर जुना ड्रम घेऊन काय साधलंत? तुमच्या तिन्ही शेलांच्या कडा साधारण सारख्या गोलसर ठेवा. वेगवेगळ्या लाकडांचे ड्रम जवळ आणायला याहून चांगला उपाय मला माहीत नाही.

प्लायचे थर सुटले असतील (आपल्या पावसाळ्यात भिंतीला टेकवून ठेवलेल्या ड्रमचं हे ठरलेलं दुखणं), तर सिरिंजने लाकडाचा पांढरा गोंद आत सोडा, दोन्ही बाजूंनी प्लास्टिक आणि लाकडी पट्टी लावून क्लॅम्प करा आणि पूर्ण एक दिवस हात लावू नका. लाकडातून पिठासारखी भुकटी पडत असेल तर शेल पोखरलेला आहे. कीड मरेपर्यंत तो घरात, बाकीच्या लाकडांजवळ आणायचाच नाही.

आता बोल्ट आणि आटे. लुडविग, ग्रेच आणि बहुतेक जपानी ड्रमचे टेन्शन बोल्ट (स्किन ताणणारे) साधारण साडेपाच मिलिमीटर जाडीचे, इंचाला २४ आट्यांचे असतात आणि एकमेकांत बहुधा चालतात. जुना प्रिमियर आणि जर्मन सोनॉर यांचे आटे वेगळे. म्हणून प्रिमियरचे बोल्ट उघडल्याबरोबर वेगळ्या पिशवीत टाका आणि पिशवीवर नाव लिहा. दिसायला सगळे सारखेच दिसतात. चुकीचा बोल्ट दोन वेढे आत जातो आणि मग आटे खातो. आटे गेलेला लग घेऊन गॅरेजमध्ये गेलात तर ‘सहाचा टॅप मारून देतो’ असं सांगतील. नको म्हणा. लगचं बाहेरचं घर जस्ताच्या ओतकामाचं, ठिसूळ असतं. आटे असतात ते आतल्या सुट्या नटाला. लग शेलवरून काढा, मागून स्प्रिंग दाबून नट बाहेर घ्या, आणि दुसऱ्या मोडक्या लगमधला नट घाला. भंगारातल्या ड्रमचे लग मी याचसाठी जमवून ठेवतो. मुंबईला गेलात तर नागदेवी स्ट्रीटवर हार्डवेअरचे वाट्टेल तेवढे प्रकार मिळतात, पण नमुन्याचा बोल्ट आणि नट दोन्ही खिशात घेऊन जा आणि तिथेच फिरवून बघा.

लग उघडलाच आहे तर आणखी एक काम उरकून घ्या. ती आतली स्प्रिंग ड्रम वाजला की झिणझिणते. एकट्या ड्रमवर ते लक्षात येत नाही. चार ड्रम आणि बावीस-चोवीस लग एकदम झिणझिणायला लागले की सगळ्या सेटवर एक धातूचा थर बसतो आणि लोक त्याचा दोष स्किनला देतात. प्रत्येक स्प्रिंगभोवती फेल्टची पातळ पट्टी गुंडाळा, किंवा कापसाचा बोळा पोकळीत सैलसर बसवा. गच्च भरू नका, नट किंचित हलता राहिला पाहिजे, नाहीतर बोल्ट तिरका लागतो. परत बसवताना लग आणि शेल यांच्या मध्ये पातळ वॉशर घाला आणि स्क्रू हाताला लागेल इतकाच आवळा. या कामाला एक संध्याकाळ जाते आणि सेटचा आवाज कुणीतरी पुसून स्वच्छ केल्यासारखा होतो.

बेस ड्रमकडे येऊ. १६ च्या फ्लोअर टॉमची एक रिम नाही म्हणून तुम्ही हळहळताय, पण बेसला लोखंडी रिम नकोच आहे. पेडलचा पंजा पातळ रिमला चावतो आणि ती वाकवतो. दोन लाकडी हूप (रिमच्या जागी बसणारी कडी) करून घ्या. तयार १६ इंची हूप सहसा मिळत नाहीत, पण चांगला सुतार करून देतो: वाकणाऱ्या पातळ प्लायच्या दीड इंच रुंद पट्ट्या गोल साच्याभोवती थरावर थर चिकटवायच्या, प्रत्येक थराचा जोड वेगळ्या ठिकाणी आणायचा, एकूण जाडी साधारण १० मिलिमीटर. आतला व्यास शेलच्या बाहेरच्या व्यासापेक्षा दोन-तीन मिलिमीटर मोठा ठेवायचा, म्हणजे हूप शेलवरून सरकतो पण स्किनच्या कड्यावर बरोबर बसतो. साचा करताना सुताराला शेल आणि स्किन दोन्ही द्या. कागदावरच्या मापावर भागवू नका.

हूप धरायला क्लॉ, म्हणजे धातूचे आकडे, लागतील. फ्लोअर टॉमचे बोल्ट त्यासाठी आखूड पडतात, लांब बेस बोल्ट लागतील. नेमकी लांबी हूप आणि क्लॉ चढवून, लगच्या तोंडापर्यंत मोजून मगच घ्या. पेडलच्या बाजूला खाली येणारे दोन बोल्ट हाताने फिरवायच्या मुठीचे घेऊ नका, चावीचे घ्या. मूठ पेडलला अडते.

पायांचं मला या शेलमध्ये फार आवडतं. फ्लोअर टॉमला तीन ब्रॅकेट सारख्या अंतरावर असतात. ड्रम आडवा करून एक ब्रॅकेट नेमका माथ्यावर आणलात की उरलेले दोन आपोआप खालच्या डाव्या आणि उजव्या अंगाला येतात, म्हणजे बेसचे पाय जिथे हवेत तिथेच. भोकात बसणाऱ्या जाडीची (बहुधा तीन सुताची, म्हणजे ३/८ इंचाची) सळई घ्या, पुढच्या बाजूने ब्रॅकेटमध्ये घाला, आणि पुढे आलेला भाग खाली व थोडा बाहेर वाकवून टोकाला रबर लावा. नवीन भोक एकही नाही. उद्या कुणाला पुन्हा फ्लोअर टॉम करायचा असेल तर तासाभरात होतो. माथ्यावरचा ब्रॅकेट दिसायला रिकामा वाटेल. तो काढू नका, भोकं उघडी पडतात.

राहिला पेडलचा प्रश्न. पेडल मोठ्या बेससाठी बनवलेलं असतं. १६ च्या ड्रमवर बीटर (पेडलचा हातोडा) मध्याच्या बराच वर, जवळजवळ कडेशी आदळतो आणि ठण्ण असा पोकळ आवाज येतो. बीटरची दांडी खाली घेऊन थोडं साधतं, पण मग फटक्यात जोर राहत नाही. ड्रमच दोन-तीन इंच उचलायला हवा. बेस लिफ्ट नावाचा लोखंडी भाग मिळतो, तो हूपला लागतो आणि पेडलला पकडायला खाली पट्टी देतो. मिळाला नाही तर सुताराकडून लाकडी घोडी करून घ्या: वर शेलच्या गोलाईचा खाच, खाचेला रबर, आणि मागे पेडलचा पंजा बसेल अशा जाडीची फळी. पुढचे पाय त्याच हिशेबाने लांब ठेवा. सेट नेहमी सतरंजीवर लावा, इतका हलका बेस गुळगुळीत फरशीवर पुढे पळतो.

बारा इंची टॉम बेसवर बसवायला बेसला भोक पाडावं लागेल, म्हणून तो विचार सोडा. तो साध्या स्नेअर स्टँडवर ठेवा. साठच्या दशकातले सपाट पायांचे हलके स्टँड सापडले तर उत्तमच. स्टँडचे पंजे खालच्या रिमला नुसता आधार देतील इतके सैल ठेवा. आवळलेत की टॉमचा श्वास कोंडतो.

स्नेअरबद्दल दोनच गोष्टी. खालची स्किन खास स्नेअर साइडची, अगदी पातळ, पारदर्शक हवी. दुकानदार कधीकधी तिथे साधी स्किन चढवून देतो आणि तार कितीही आवळली तरी बोलत नाही. आणि तार सपाट पडते का ते काचेवर ठेवून बघा. एक जरी वेटोळं वर उठलं असेल तर नवी तार घ्या, ती स्वस्त आहे.

पैसे खर्च करायचे ते स्किनवर. तिन्ही ड्रमना आणि स्नेअरला वरून एकाच कंपनीची, एकाच जाडीची, पांढरी कोटेड (खरखरीत लेपाची), एकपदरी स्किन लावा; रेमोची अँबॅसडर १० मिल, म्हणजे पाव मिलिमीटर जाडीची असते, ती या शेलांना चपखल आहे. टॉमच्या खाली तिचीच पारदर्शक. बेसला दोन्ही बाजूंना कोटेड, पुढच्या स्किनला भोक नाही. मारायच्या बाजूला, स्किन आणि कड यांच्या मध्ये, दोन इंच रुंद फेल्टची एक उभी पट्टी मध्यापासून थोडी बाजूला ताणून घ्या. आत उशी, गोधडी काही कोंबू नका. इतका लहान बेस कोंडला तर पुठ्ठ्याचा खोका वाजतो. बीटर लागतो तिथे छोटं ठिगळ लावा. आणि कोटेड स्किनचा तुम्हाला आणखी एक उपयोग: फ्लॅटमध्ये ब्रशने वाजवता येईल, शेजाऱ्यांशी संबंध टिकतील.

सूर लावताना एक ड्रम उचला, बाकीचे दुसऱ्या खोलीत ठेवा, कारण ते सोबत घुमतात आणि कान फसतो. समोरासमोरचे बोल्ट जोडीने, अर्धा वेढा करत आवळा आणि प्रत्येक बोल्टपासून इंचभर आत बोटाने टिचकी मारून सूर एक करा. खालची स्किन वरच्याइतकी किंवा किंचित चढी. ड्रम एकमेकांशी जुळवताना पेटी किंवा मोबाइलवरचा तानपुरा जवळ घ्या. बेस जिथे सर्वांत मोकळा घुमतो तो सूर शोधा आणि त्याला सा माना. १४ चा फ्लोअर टॉम त्याच्या पंचमावर, आणि १२ चा टॉम वरच्या सा वर. १६ च्या शेलला फार खाली ओढू नका. स्किनला सुरकुत्या पडायच्या थोडं वर जिथे तो गातो तिथेच त्याची जागा. एखादा शेल ठरवलेल्या सुरावर कुरकुरत असेल तर त्याच्या जागी बाकीच्या दोघांना अर्ध्या सुराने वर-खाली हलवा. प्रत्येक जुन्या शेलचा एक लाडका सूर असतो आणि त्याच्याशी भांडून उपयोग नसतो.

झांजांचं एवढंच सांगतो की त्या पातळ घ्या, जाड राईड (ठेका धरायची मोठी झांज) या सेटला गिळून टाकेल.

शेवटी रॅप. जुन्या रॅपवर नवं चढवलंत तर शेलचा घेर वाढतो आणि आज बसणारी स्किन उद्या बसत नाही; वर मापाबद्दल एवढं लिहिलं ते याचसाठी. जुनं काढायला गेलात तर लुआनचा वरचा पातळ थर रॅपबरोबर सोलून येतो. शिवाय जुन्या रॅपपैकी काही सेल्युलॉइडचे असतात, ते पेटतात, म्हणून हीटगन त्यांच्याजवळ नेऊ नका. थिनर आणि नेलपॉलिश रिमूव्हरने ते विरघळतात. कोमट पाणी, साबणाचा थेंब आणि मऊ कापड, एवढ्याने जेवढी झळाळी येईल तेवढी पुरे. रिमांवरचा गंज अॅल्युमिनियम फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून घासलात की क्रोमला ओरखडा न पडता बराच निघतो.

तरीही सेट एकत्र दिसावा असं वाटतंय, आणि ते वाटणं अगदी रास्त आहे, तर बेसच्या नव्या लाकडी हूपांवर मध्ये इंचभर रुंदीची उथळ खाच काढून घ्या आणि तिच्यात लाल स्पार्कलची पट्टी बसवा. जुन्या कंपन्याही हूपांवर अशी पट्टी लावायच्या. प्रिमियरचा लाल रंग बेसवर आला की मधला फ्लोअर टॉम कुठल्याही रंगाचा चालतो. आधी हूपला पॉलिश करा, पट्टी नंतर चिकटवा, म्हणजे पॉलिशमधला थिनर तिला लागणार नाही.